विंडोजच्या ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’ची पारख: कोणती टिक काढावी, कोणती राहू द्यावी

संगणक मंदावला की जो सल्ला सर्वांत आधी मिळतो, तो म्हणजे ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’, म्हणजे पडद्यावरच्या हालचाली, सावल्या वगैरे दृश्य परिणाम, बंद करून पाहा. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, काही उतरवून घ्यावे लागत नाही आणि केलेला बदल क्षणात मागे घेता येतो, त्यामुळे हा सल्ला तोंडोतोंडी पसरला यात नवल नाही. ज्या चौकटीत हे बदल करायचे असतात ती २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीपासून आहे, आणि आजच्या विंडोज ११ मध्येही ती जवळजवळ त्याच रूपात टिकून आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदतीच्या मजकुरातही वेग वाढवण्याच्या उपायांमध्ये तिचा समावेश आहे. एवढ्या दीर्घकाळ टिकलेल्या साधनाची पारख त्यातल्या एकेका पर्यायाच्या गुणावगुणांवर व्हायला हवी, कारण या चौकटीतले काही पर्याय आजही मोलाचे आहेत, काही कालबाह्य झाले आहेत आणि निदान एक तरी असा आहे की तो बंद केल्याने रोजच्या कामाचे नुकसान होते. माझे मत आधीच स्पष्ट करणे बरे: चौकट उपयोगाची आहे, पण तिच्यातला ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ हा सर्वांत मोहक पर्याय निवडू नये.

स्टार्टच्या शोधपट्टीत ‘परफॉर्मन्स’ हा शब्द इंग्रजीतून लिहिला की ‘ॲडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज’ अशी ओळ येते आणि तिच्यावर क्लिक केल्यावर ही छोटी चौकट उघडते. वर चार पर्याय असतात: विंडोजला ठरवू द्या, दिसणे सर्वोत्तम ठेवा, वेग सर्वोत्तम ठेवा आणि स्वतः निवडा. त्याखाली टिक करायच्या खुणांची लांब यादी असते. खिडक्या लहान-मोठ्या होतानाचे ॲनिमेशन, टास्कबारमधील हालचाली, मेन्यू सरकत किंवा उमलत येणे, खिडक्यांखालच्या व माउसच्या बाणाखालच्या सावल्या, फाइलींची लघुचित्रे, अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणे, खिडकी ओढताना तिच्यातला मजकूर दिसत राहणे, अशा सगळ्या बाबी त्या यादीत आहेत. वेगाचा पर्याय निवडला की सगळ्या टिका एका फटक्यात निघून जातात, आणि इथेच या चौकटीची मुख्य उणीव दिसते: कोणती टिक काढल्याने किती फरक पडेल याबद्दल ती एक अक्षरही सांगत नाही. संगणकाशी फारसा परिचय नसलेल्या माणसाला सगळ्या टिका सारख्याच वजनाच्या वाटतात.

त्या तशा नाहीत. दृश्य परिणामांमुळे वाटणारा मंदपणा दोन वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि ती दोन्ही एकमेकांत मिसळून टाकल्यामुळेच या विषयावर इतके उलटसुलट बोलले जाते. पहिले कारण म्हणजे काम: सावली काढणे, पार्श्वभूमी धूसर करणे, हालचालीतले प्रत्येक चित्र नव्याने रंगवणे याला ग्राफिक्स चिपचा आणि मेमरीचा काही वाटा लागतो. दुसरे कारण म्हणजे प्रतीक्षा: ॲनिमेशनला ठरवून दिलेला वेळ लागतोच, मग संगणक कितीही ताकदीचा असो. खिडकी उमलत उघडते तेव्हा प्रोसेसर बहुधा रिकामाच असतो, पण ती पूर्ण उघडेपर्यंत वापरणाऱ्याला थांबावे लागते. उपमेन्यूचेच उदाहरण घ्या. माउस त्याच्या नावावर नेल्यानंतर तो उघडण्याआधी विंडोज मुद्दाम ४०० मिलिसेकंद थांबते, आणि हा आकडा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत) पूर्वनियोजित म्हणून लिहिलेला असतो. माणसाला एखादी कृती तत्क्षणी घडल्यासारखी वाटावी यासाठी प्रतिसाद साधारण ०.१ सेकंदाच्या आत यावा, असा संकेत संगणकाच्या वापरसुलभतेचा अभ्यास करणारे अनेक दशके मानत आले आहेत. त्या मोजपट्टीवर ४०० मिलिसेकंद हा चांगलाच जाणवणारा विलंब आहे. ॲनिमेशनमुळे होणारी प्रतीक्षाही अशीच जाणवते, म्हणून ॲनिमेशन बंद केल्यावर अगदी नव्या, महागड्या यंत्रावरही खिडक्या चटकन समोर येतात आणि हाताखालचा संगणक जलद झाल्यासारखा वाटतो. गणिते करण्याचा त्याचा वेग तसूभरही वाढलेला नसतो, तरी वापरणाऱ्याचा वेळ खरोखरच वाचलेला असतो, आणि हा लाभ मला दुय्यम वाटत नाही.

कामाच्या बाजूचा हिशेब मात्र गेल्या वीस वर्षांत पार बदलला आहे. विंडोज एक्सपीच्या काळात एखादी खिडकी ओढली की तिच्याखालून उघड्या पडणाऱ्या प्रत्येक खिडकीला आपला तेवढा भाग पुन्हा रंगवावा लागे. खालचा प्रोग्राम गुंतलेला असेल तर पडद्यावर पांढरे पट्टे आणि वरच्या खिडकीचे ठसे उमटत राहत. त्या काळी ओढताना मजकूर न दाखवता फक्त खिडकीच्या कडांची रेघ दाखवण्याचा पर्याय खरोखर कामाचा होता. विंडोज व्हिस्टापासून ‘डेस्कटॉप विंडो मॅनेजर’ आला आणि प्रत्येक खिडकीचे चित्र मेमरीत स्वतंत्र ठेवून ती सगळी चित्रे ग्राफिक्स चिपकडून एकत्र जुळवण्याची पद्धत सुरू झाली. आता खिडकी हलवली तरी खालच्या प्रोग्रामला काही पुन्हा रंगवावे लागत नाही. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये हा जुळवणारा घटक बंद करता येत असे; २०१२ सालच्या विंडोज ८ पासून तो कायम चालूच असतो आणि या चौकटीतल्या सगळ्या टिका काढल्या तरी तो थांबत नाही. त्यामुळे खिडकी ओढताना मजकूर लपवून आज जवळजवळ काहीच वाचत नाही, उलट खिडकी नेमकी कुठे बसेल हे डोळ्यांना कळणे अवघड होते. विंडोज ७ वर वेगाचा पर्याय निवडला की सगळे रूपच जुन्या करड्या धाटणीचे होत असे आणि त्यामागचे काम खरोखर कमी होत असे. आजच्या विंडोजमध्ये ती वाट उरलेली नाही.

जुळवण्याच्या कामाला किती ताकद लागते याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येकाला चार बाइट धरले तर एका पूर्ण चित्राला सुमारे ८.३ मेगाबाइट लागतात, आणि सेकंदाला साठ वेळा ते पूर्ण नव्याने लिहायचे झाले तर जवळजवळ ५०० मेगाबाइटची ने-आण होते. प्रोसेसरमध्येच बसवलेली ग्राफिक्स चिप स्वतःची वेगळी मेमरी बाळगत नाही, ती मुख्य रॅममधूनच वाटा घेते. डीडीआर४-२४०० प्रकारची रॅम एकाच चॅनेलवर चालत असेल तर तिची कमाल क्षमता सेकंदाला १९.२ गिगाबाइट असते, म्हणजे हा भार अडीच टक्क्यांच्या आसपास राहतो. शिवाय प्रत्यक्षात बहुधा पडद्याचा बदललेला भागच नव्याने जुळवला जातो. तोच संगणक ४के पडद्याला जोडला तर ठिपके चौपट होतात आणि भारही चौपट, म्हणजे दहा टक्क्यांवर जातो. त्यात पारदर्शक पट्ट्यांसाठी मागचे चित्र पुन्हा वाचून धूसर करण्याचे काम मिळवले की साध्या चिपला दम लागल्याचे जाणवते. एकूण चित्र असे की साध्या पडद्यावर, ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) नीट बसवलेला असताना, सावल्या आणि रंगछटांमुळे संगणक मंदावत नाही. मोठा पडदा आणि दुबळी चिप अशी जोडी असेल तेव्हा ट्रान्स्परन्सी, म्हणजे ही पारदर्शकता, बंद केल्याचा फरक डोळ्यांना दिसतो.

गंमत म्हणजे ट्रान्स्परन्सीची कळ या चौकटीत नाहीच. ती विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ विभागात, ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’ या पानावर आहे आणि ‘पर्सनलायझेशन’मधल्या रंगांच्या पानावरही आहे. विंडोज ११ मध्ये दोन प्रकारची पारदर्शकता वापरली आहे. ‘ॲक्रिलिक’ हा प्रकार मागे जे काही असेल ते सतत धूसर करून दाखवतो. ‘मायका’ हा प्रकार डेस्कटॉपच्या चित्रावरून रंग एकदाच उचलतो आणि म्हणून स्वस्तात पडतो. बॅटरी वाचवण्याची व्यवस्था चालू झाली की विंडोज ॲक्रिलिक परिणाम आपणहून बंद करते, यावरूनच त्याला काहीएक किंमत मोजावी लागते हे निर्मात्यांनाही मान्य असल्याचे दिसते. दुबळ्या लॅपटॉपवर ही कळ बंद ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. दिसण्यात फारसे काही कमी होत नाही आणि मजकुरामागची पार्श्वभूमी एकरंगी झाल्याने वाचायला उलट सोपे जाते.

आता त्या टिकेविषयी, जिच्यामुळे वेगाचा पर्याय टाळावा असे मला वाटते. ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ ही टिक निघाली की अक्षरांच्या कडांवरच्या मधल्या छटा जातात आणि प्रत्येक ठिपका एक तर पूर्ण काळा नाही तर पूर्ण पांढरा उरतो. एलसीडी पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपठिपके असतात आणि विंडोजचे ‘क्लिअरटाइप’ हे तंत्र त्या तिन्हींचा वेगवेगळा उपयोग करून अक्षराची कड अधिक बारकाईने दाखवते. एक्सपीमध्ये ते उपलब्ध होते पण मुळात बंद असे; व्हिस्टापासून ते सुरुवातीलाच चालू असते. ते बंद केल्यावर रोमन लिपीतला मजकूर ओबडधोबड दिसला तरी वाचता येतो. देवनागरीची अवस्था फार वाईट होते. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरांची दाटी असते. लहान आकारात या सगळ्यांना मिळून पंधरा-सोळा ठिपक्यांची उंची वाट्याला येते. कडा गुळगुळीत नसतील तर ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांच्यातला फरक पुसला जातो, ‘क्ष’चा गोळा होतो आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. दिवसभर मराठीत टाइप करणाऱ्याने किंवा मुद्रिते तपासणाऱ्याने ही टिक काढणे म्हणजे डोळ्यांवर आणि शुद्धलेखनावर दोन्हीकडून अन्याय आहे.

या बदल्यात वेग किती मिळतो? व्यवहारात काहीच नाही. एकदा रेखाटलेले अक्षर विशिष्ट आकारासाठी साठवून ठेवले जाते आणि पुढे त्याच आकारात ते शेकडो वेळा आले तरी साठवलेली प्रतच वापरली जाते. कडा गुळगुळीत करण्याचे काम दर वेळी नव्याने होत नाही. शिवाय अलीकडचे अनेक प्रोग्राम अक्षरे स्वतःच्या पद्धतीने रेखाटतात आणि या टिकेकडे लक्षच देत नाहीत, त्यामुळे काही खिडक्यांत अक्षरे गुळगुळीत आणि काहींत काटेरी असा विजोड प्रकार दिसू लागतो. ज्यांनी वेगाचा पर्याय निवडून ठेवला आहे आणि ज्यांना ‘हल्ली स्क्रीनवर वाचताना त्रास होतो’ असे वाटते, त्यांनी आधी ही एक टिक परत लावून पाहावी.

लघुचित्रांचे प्रकरण वेगळे आहे. फाइलीच्या चिन्हाऐवजी तिच्यातले चित्र दाखवायचे म्हणजे ती फाइल उघडून, वाचून, लहान करून साठवावी लागते. एकदा केलेले लघुचित्र विंडोज जपून ठेवते, पण नव्या फोल्डरमध्ये शेकडो छायाचित्रे किंवा व्हिडिओ असतील तर पहिल्या भेटीत डिस्कला बरेच पळावे लागते. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते. त्यात शीर्ष हलण्याचा वेळ धरला तर इकडे-तिकडे विखुरलेल्या जागांवरून ती सेकंदाला साधारण शंभरएक वेळाच वाचू शकते. अशा डिस्कवर, आणि त्याहूनही नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरमध्ये, ‘शो थंबनेल्स इन्स्टेड ऑफ आयकॉन्स’ ही टिक काढल्याने फोल्डर उघडण्याचा वेळ स्पष्टपणे घटतो. पूर्ण यादीत प्रत्यक्ष काम सर्वांत जास्त वाचवणारी टिक हीच आहे, असे म्हणता येईल. मात्र ज्याचे कामच छायाचित्रांचे आहे त्याला प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागेल आणि वाचलेल्या वेळेच्या कितीतरी पट वेळ जाईल. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली जलद डिस्क, असेल तर या टिकेला हात लावण्याचे कारण नाही.

सावल्यांबद्दल थोडक्यात: खिडक्यांखालची सावली राहू द्यावी, कारण एकावर एक उघडलेल्या दोन पांढऱ्या खिडक्यांमधली सीमा तिच्यामुळेच कळते. माउसच्या बाणाची सावली असली काय आणि नसली काय, फरक पडत नाही.

काही परिस्थितींत मात्र ही चौकट खऱ्या अर्थाने उपयोगी पडते आणि त्यांचा उल्लेख सहसा होत नाही. ग्राफिक्सचा योग्य ड्रायव्हर बसलेला नसेल तर विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’वर काम भागवते, तेव्हा खिडक्या जुळवण्याचा सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि प्रत्येक ॲनिमेशन अडखळते. अशा वेळी टिका काढून तात्पुरता आराम मिळतो, तरी खरा उपाय योग्य ड्रायव्हर बसवणे हाच आहे, म्हणून ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये डिस्प्लेच्या नावाखाली काय लिहिले आहे ते आधी पाहावे. संगणकाच्या आत चालवलेल्या आभासी संगणकालाही हेच लागू आहे. दूरच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने काम करताना तर प्रत्येक हालचाल, प्रत्येक सावली आणि डेस्कटॉपचे चित्र इंटरनेटवरून यावे लागते. रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीच्या खिडकीत ‘एक्सपिरिअन्स’ नावाचा भाग आहे. तिथे डेस्कटॉपचे चित्र, मेन्यूंची ॲनिमेशने आणि ओढतानाचा मजकूर हे बंद केले की मंद जोडणीवरही काम सुसह्य होते. तिथेही अक्षरांच्या कडांचा पर्याय शक्य असेल तोवर चालूच ठेवावा.

जे या चौकटीकडून होणार नाही तेही स्पष्ट असायला हवे. संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ, एखादा मोठा प्रोग्राम उघडायला लागणारा वेळ, ब्राउझरमध्ये खूप टॅब उघडल्यावर येणारी सुस्ती यांपैकी कशावरही दृश्य परिणामांचा मागमूस लागावा इतका परिणाम होत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. तिथे मेमरी काठोकाठ भरलेली आणि डिस्क सतत शंभर टक्क्यांवर दिसत असेल तर टिका काढत बसण्यात अर्थ नाही. रॅम कमी पडते आहे आणि संगणक हार्ड डिस्कवर माल ठेव-काढ करत बसला आहे, हे त्याचे कारण असते. सुरुवातीलाच आपोआप चालू होणारे प्रोग्राम त्याच टास्क मॅनेजरमधून बंद करणे हा त्याहून अधिक फलदायी उपाय आहे, आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा सर्वांत फलदायी. याच चौकटीच्या शेजारच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात व्हर्च्युअल मेमरीची सोय असते, म्हणजे रॅम अपुरी पडली की डिस्कवरची ‘पेज फाइल’ वापरण्याची. ‘पेज फाइल बंद केली की वेग वाढतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये, कारण मेमरी संपल्यावर प्रोग्राम बंद पडून न साठवलेले काम जाण्याचा धोका त्यात आहे. ‘एका क्लिकमध्ये वेग’ असे सांगून विकली जाणारी सॉफ्टवेअरेही बरेचदा याच टिका काढून देतात. जे हाताने दोन मिनिटांत आणि फुकट होते त्यासाठी अनोळखी प्रोग्रामला संगणकाचे सगळे अधिकार देणे मला पटत नाही.

पडद्याशी संबंधित आणखी दोन गोष्टी या चौकटीबाहेर आहेत, पण जाणवणाऱ्या वेगाशी त्यांचा जवळचा संबंध आहे. एक म्हणजे रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो आकडा. साठ हर्ट्झच्या पडद्यावर दोन चित्रांमध्ये १६.७ मिलिसेकंद जातात, १४४ हर्ट्झवर ६.९. अधिक रिफ्रेश रेटचा मॉनिटर घेऊनही तो साठवरच चालू राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात, कारण हा आकडा सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन स्वतः बदलावा लागू शकतो. तो बदलल्यावर माउसचा बाण आणि पानांचे सरकणे यांत पडणारा फरक सर्व टिका काढल्यावर पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर मात्र बॅटरी वाचवण्यासाठी हा आकडा कमी ठेवण्याचा विचार करावा. दुसरी गोष्ट रिझोल्यूशनची: ते कमी केल्याने ठिपके कमी होतात हे खरे, पण एलसीडी पडदा आपल्या मूळ ठिपक्यांच्या संख्येवरच रेखीव दिसतो, १९२० बाय १०८० चा पडदा १३६६ बाय ७६८ वर चालवला तर अक्षरे पुसट होतात. अक्षरे मोठी हवी असतील तर ‘स्केल’ वाढवावे, रिझोल्यूशनला हात लावू नये.

विंडोजबाहेर पाहिले तर मॅकवर ‘रिड्यूस मोशन’ आणि ‘रिड्यूस ट्रान्स्परन्सी’ या दोन कळा ॲक्सेसिबिलिटीमध्ये आहेत आणि अक्षरांची नासाडी करणारी एकगठ्ठा सोय तिथे समोर ठेवलेली नाही, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. लिनक्सवरच्या केडीईमध्ये तर ॲनिमेशनचा वेग कमी-जास्त करण्याची सरकती पट्टी आहे. पूर्ण बंद आणि पूर्ण चालू यांच्यामधली जागा वापरणाऱ्याला मिळते. विंडोजमध्ये अशी पट्टी यावी अशी माझी मनापासून अपेक्षा आहे. ॲनिमेशनमुळे कोणती खिडकी कुठे गेली हे नवख्या माणसाला कळते, त्यामुळे ती सरसकट निरुपयोगी नाहीत. त्यांचा कालावधी निम्मा करता आला तरी बहुतेकांची तक्रार मिटेल. हालचालीने ज्यांना गरगरते त्यांच्यासाठी तर हा प्रश्न वेगाहूनही महत्त्वाचा आहे, आणि इथे विंडोजची एक चांगली बाजू सांगायला हवी: सेटिंग्जमधली ‘ॲनिमेशन इफेक्ट्स’ ही कळ बंद केली की क्रोम आणि फायरफॉक्स ही पसंती वेबसाइटींपर्यंत पोहोचवतात, आणि ज्या साइटींनी तशी व्यवस्था केली आहे त्याही आपल्या हालचाली आवरत्या घेतात.

माझ्या वापरात स्थिरावलेली मांडणी अशी आहे: ‘कस्टम’ निवडून ॲनिमेशन, सरकणे आणि उमलणे यांच्या सगळ्या टिका काढलेल्या, अक्षरांच्या कडा, खिडक्यांच्या सावल्या आणि ओढतानाचा मजकूर या टिका लावलेल्या, लघुचित्रे एसएसडीवर चालू, आणि ट्रान्स्परन्सी सेटिंग्जमधून बंद. ही निवड प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यापुरती असते, त्यामुळे एकाच संगणकावर घरातल्या किंवा कार्यालयातल्या इतरांची खाती असतील तर त्यांना ती आपापल्या खात्यात वेगळी करावी लागेल. बदल लागू करायला संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही, आणि काही नकोसे वाटलेच तर ‘लेट विंडोज चूज’ हा पहिला पर्याय निवडून ‘अप्लाय’ दाबले की या चौकटीतले सगळे पूर्ववत होते.